दहाच्या डोक्यावरचा लहान आकडा

मुनेश्वर सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका काचेच्या बशीशी बोलत होते. यवतमाळच्या जिवाणू खत तपासणीच्या प्रयोगशाळेत कंत्राटी संगणकचालक म्हणून रुजू व्हायला मी बोरी अरबहून सकाळच्या एसटीनं आले होते. कार्यालयाच्या आवाराच्या अगदी टोकाला, कडुनिंबामागं ती इमारत. आत सहा टेबलं आणि माणूस एकच. बाकीच्या टेबलांवरची माणसं बदलून गेली होती, निवृत्त झाली होती किंवा कधी आलीच नव्हती. सर पाठमोरे उभे राहून बशी खिडकीच्या उजेडात धरून विचारत होते, "काय मंडळी, किती जण उठले आज?" मी खाकरले. सर वळले आणि जराही न ओशाळता म्हणाले, "ये. हे जिते हायेत का नाही, एवढंच पाहाचं काम हाय आपलं."

त्या दिवशी मी डबा नेला नव्हता. पहिल्या दिवशी लवकर सोडतील असा माझा भाबडा समज होता. दुपारी सरांनी कपाटामागून दुसरं स्टूल ओढलं, आपल्या स्टुलाशेजारी ठेवलं आणि भाकरीचे दोन भाग केले. सोबत विमलकाकूंच्या, म्हणजे सरांच्या पत्नीच्या हातची जवसाची चटणी होती. पुढे मी डबा आणू लागले, तरी ते स्टूल तिथंच राहिलं.

सरांना आता पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथाच्या समितीनं मला 'सर आणि संगणक' या विषयावर दोन पानं मागितली. विषय सपाट आहे, त्यावर कोणाचाही पाय घसरत नाही. पण समितीनं सोबत सरांच्या जीवनपटाचा मसुदाही पाठवला, आणि त्यात एक वाक्य आहे: 'एका अहवालात त्यांच्याकडून अनवधानानं चूक झाली, ती त्यांनी मोठ्या मनानं मान्य केली.' ते वाक्य वाचल्यापासून मला जेवण गोड लागलेलं नाही. म्हणून दोन पानांचं बंधन मी पाळणार नाही, समितीनं रागवायचं तर खुशाल रागवावं.

ती वर्षं जिल्ह्याला फार जड गेली. कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं, आणि जो तो काही ना काही उपाय घेऊन यवतमाळात येत होता. त्यांतला एक साधा उपाय जिवाणू खताचा. काळसर भुकटीची पुडी, गुळाच्या पाण्यात कालवून पेरणीआधी सरकीला चोळायची. त्यातले जिवाणू हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात, त्यामुळे रासायनिक खताचा पहिला हात, म्हणजे पहिली मात्रा, कमी करता येतो. अट एकच, जिवाणू जिवंत हवेत. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेल्या पुडीतले मरून जातात, आणि मेलेली भुकटीसुद्धा दिसायला तशीच काळी असते. कोणती पुडी जिवंत आणि कोणती मेलेली, हे त्या काळात आमच्याकडे एकटे मुनेश्वर सर सांगत.

भुकटी पाण्यात कालवून ती एका नळीतून दुसऱ्या नळीत दसपट पातळ करत न्यायची, प्रत्येकीतला थोडा अंश बशीत सोडायचा आणि तीन-चार दिवसांनी उगवलेले ठिपके मोजायचे. चांगल्या पुडीचा आकडा येई ४ × १०⁷ असा काहीसा. मेलेल्या पुडीचा ३ × १०³. दहाच्या डोक्यावर बसलेला तो लहान आकडा म्हणजे घातांक. सात आणि तीन यांत दिसायला फरक चारचा, पण प्रत्यक्षात पहिल्या पुडीत दुसरीपेक्षा दहा हजार पटींहून जास्त जीव असतात. सर नोंदवहीत बाकी सगळं निळ्या शाईनं लिहीत आणि घातांक तेवढा लाल शाईनं, ओळीच्या पुरेसा वर. तो काढताना ते बोलत नसत, आणि आपण बोललो तर हात वर करून थांबवत. "खालचं चुकलं तं थोडं चुकते," ते मला सांगत, "वरचं चुकलं तं काहीच उरत नाही."

मी आले ती हे सगळं संगणकावर चढवायला. शीटच्या सेलमध्ये आकडा लिहिला, लहानगा सात निवडला आणि वर चढवला की तो छान वर बसे. सरांनी पडद्यावर बोट टेकवून खात्री केली आणि खूश झाले. पण कोणत्या पुड्या वाटायच्या आणि कोणत्या अडवायच्या हे कळावं म्हणून गोदामांना पाठवायची यादी वेगळी असे. त्यात पुडीचा गट क्रमांक, कोणत्या गोदामाची आणि जिवंत जिवाणूंची संख्या असं सगळं एका ओळीत जोडून आणणारा फॉर्म्युला मी मोठ्या हुशारीनं लिहिला होता. जूनच्या सुरुवातीला पहिली यादी छापली. यादीत ४ × १०७ आणि ३ × १०३ असं छापलेलं होतं. वर बसलेले आकडे झाडावरून उतरल्यासारखे खाली येऊन दहाला चिकटले होते.

मला ते दिसलं होतं. हे नीट लिहिते, कारण वीस वर्षं मी स्वतःलासुद्धा 'लक्षात आलं नाही' असं सांगत आले.

सर त्या दिवशी काकूंना घेऊन नागपूरच्या दवाखान्यात गेले होते. जाण्याआधी त्यांनी यादीसोबतच्या पत्रावर सही करून ठेवली होती आणि मला बजावलं होतं, "मी उद्या येतो. यादी पाहतो, मंगच पाठव." इकडे पेरणी तोंडावर आलेली, वरच्या कार्यालयातून तीनदा फोन आला, शेवटच्या फोनवर आवाज चढलेला होता. फॉर्म्युला काही केल्या आकडा वर चढवू देईना. मी कार्यालयीन प्रत घेतली आणि पेनानं एकेक सात, एकेक तीन वर काढला, अगदी सुबक. मग सात गोदामांच्या प्रती राहिल्या. त्यांवर हातानं काढलं तर ते खाडाखोड केल्यासारखं दिसेल, असं मला वाटलं. समजून घेतील, असंही वाटलं. मी सातही प्रती तशाच फॅक्स केल्या.

पांढरकवड्याच्या गोदामातल्या माणसानं यादी वाचली. एका गटापुढे १०७, दुसऱ्यापुढे १०३. नंतर त्यानं सरांना जे सांगितलं ते मी स्वतः ऐकलं आहे: "साहेब, चारचाच तं फरक होता. कायले अडवू म्हनलं?" त्याची काही चूक नव्हती. त्यानं मेलेला गट तीन गावांत वाटून टाकला.

सर परतले ते थेट प्रयोगशाळेत आले. कार्यालयीन प्रत मागितली. तिच्यावर माझ्या पेनानं काढलेले आकडे त्यांनी पाहिले, मग फॅक्सची मूळ पानं पाहिली, पुन्हा प्रत पाहिली.  सरांनी ती प्रत चार घड्या करून खिशात ठेवली आणि विचारलं, "पांढरकवड्याची पहिली गाडी कितीची हाय?"

पुढचे नऊ दिवस सर त्या तीन गावांत घरोघरी फिरले. एक दिवस मी सोबत होते. एका गोंड म्हातारीच्या अंगणात आम्ही पोचलो तेव्हा तिची पेरणी होऊन गेली होती. सरांनी पुडीचं सांगितलं. ती म्हणाली, "मंग भाऊ, त्या पुडीत काही नवतंच काय?"

"होतं, बाई. पन मेलेलं होतं. चूक आमच्याकडची हाय."

"आता काय करू?"

"पंधरा दिवसांत खताचा एक हात देऊन द्या. पऱ्हाटीले अजून येळ हाय."

म्हातारीनं अंगणात खाट ओढली. मग म्हणाली, "आमचं चुकलं म्हनून सांगाले आलेला सरकारी मानूस म्या पयल्यांदाच पाह्यला. बसा, च्या ठेवतो." सर बसले आणि चहा प्याले. मेलेल्या गटातल्या बहुतेक पुड्यांचा माग त्यांनी लावला. चार पुड्या तेवढ्या सापडल्या नाहीत, कोणी घेतल्या ते कोणालाच सांगता आलं नाही.

दहाव्या दिवशी त्यांनी मला संगणकासमोर बसवलं. मी रडवेली झाले होते. ते म्हणाले, "रडू नको. दहाच्या डोक्यावर बसाले ह्या यंत्रानं जागाच ठेवली नाही. आपण करू जागा." मग दोन आठवडे रोज दुपारी आम्ही त्याच कामाला लागलो. सेलमध्ये वर चढवलेला आकडा म्हणजे नुसता पोशाख, फॉर्म्युला मजकूर उचलतो आणि पोशाख तिथंच टाकून येतो, हे मला तेव्हा कळलं. सरांनी विचारलं, "जन्मापासूनच वर बसलेला आकडा कुठी भेटत नाही काय?" आम्ही चिन्हांचा तक्ता उघडला. लहान एक, दोन आणि तीन वरच्या ओळींत सापडले. बाकीचे लांब खाली, दुसऱ्याच आळीत राहायला गेल्यासारखे. छापताना त्यांच्या जागी रिकामे चौकोन यायचे, तेव्हा फॉन्ट बदलत बसलो. मराठी आकड्यांची तशी लहान रूपं मिळालीच नाहीत, याचा सरांना मनापासून राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

शेवटी शून्यापासून नऊपर्यंतचे दहाही लहान आकडे एका सेलमध्ये ओळीनं ठेवले आणि फॉर्म्युलाला सांगितलं, घातांक जेवढा असेल तितक्या क्रमांकाचं अक्षर त्यातून उचल. सात मागितला, तर सहा आला. मी डोकं धरून बसले. सरांनी पडद्यावर बोट ठेवून मोजलं आणि हसले, त्या महिन्यात पहिल्यांदाच. "आपण शून्याले मोजलंच नाही. तोही रांगेत उभा हाय." फॉर्म्युलात एक मिळवला आणि यादीत ४ × १०⁷ उभा राहिला, जोडलेल्या मजकुरात, जिथं असायला हवा तिथं. पण सर एवढ्यावर थांबणारे नव्हेत. त्यांनी शून्य ते नऊ प्रत्येक आकडा वेगवेगळा छापून, कागद खिडकीशी नेऊन पाहिला. बशी पाहत तसाच.

ऑगस्टमध्ये चौकशी झाली. सरांनी वेळेत गावं गाठली म्हणून मोठं नुकसान टळलं होतं, तरी काही शेतांत पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, पिवळी पडली होती आणि तक्रार वर गेली होती. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, "यादी कोणी तपासली?" मी फाइल घेऊन दारात उभी होते. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, कंत्राटावर, घरी आई आणि मी. सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "मी. नागपूरले जायच्या आधी मीच पाहिली." खिशातली ती प्रत एकदा टेबलावर ठेवली असती, तर पेनाचं अक्षर कोणाचं आहे हे शिपायानंही ओळखलं असतं. आयुष्यभर नोंदवहीत एक ठिपका इकडचा तिकडे न करणाऱ्या माणसानं त्या दिवशी एक कागद लपवला. आणि मी तोंड उघडलं नाही.

सरांचा सहीचा अधिकार काढून घेतला गेला. प्रयोगशाळेचं प्रमुखपद त्यांना मिळायचं होतं, तिथं बाहेरून दुसरे आले. पुढची सगळी वर्षं, निवृत्त होईपर्यंत, नळ्या सरांनी लावल्या, ठिपके सरांनी मोजले आणि सही दुसऱ्यानं केली. भरती होऊन नवी मंडळी आली, रिकामी टेबलं भरली, पण चहाला जाताना सरांना कोणी बोलवेना. चौकशीतून गेलेल्या माणसाजवळ फार वेळ दिसू नये, असा आपल्या कार्यालयांचा एक अलिखित नियम आहे. तो मला कोणी शिकवावा लागला नाही.

आता जे लिहायचं ते लिहिते. सरांना एकटं पाडणाऱ्यांत पहिली मी होते. चौकशीच्या दुसऱ्या दिवसापासून माझा डबा मुख्य इमारतीत, आस्थापना शाखेतल्या बायकांसोबत उघडू लागला. सरांकडे पाहिलं की माझं मलाच कसंतरी होई, म्हणून मी पाहणंच सोडलं. कागद द्यायला गेले की दिसायचं, सर एकटे जेवत आहेत आणि शेजारी ते दुसरं स्टूल ओढून ठेवलेलं आहे. रोज. ते कोणासाठी आहे हे मला ठाऊक होतं. त्या हिवाळ्यात विमलकाकू गेल्या. घरी बुद्धवंदना झाली, तेव्हा कार्यालयातून मोजून चार माणसं आली होती. मी फाटकापर्यंत गेले, आतला पांढऱ्या साडीतला काकूंचा फोटो पाहिला आणि तशीच बसस्टँडवर आले. सरांना मूलबाळ नाही. पुढच्या वर्षी मला नागपूरला नोकरी लागली आणि निरोप न घेता मी निघून गेले.

नागपूरच्या कार्यालयात काही वर्षांनी माझ्यासमोर एक शीट आली. कोपऱ्यातल्या लपवलेल्या सेलमध्ये दहा लहान आकडे, शून्यापासून. हे कोणी केलं म्हणून मी विचारलं, तर शेजारची म्हणाली, "काय माहीत, असंच येऊन राह्यलं आधीपासून." सरांची ती शीट एका प्रयोगशाळेतून दुसरीत, नाव पुसून फिरत होती. त्या दिवशीही मी काही बोलले नाही.

गेल्या महिन्यात मी आर्णीला सरांच्या घरी गेले. घर नीटनेटकं आहे. ओट्यावर एकच ताट, एकच पेला. सर थकले आहेत, पण मोतीबिंदू काढल्यापासून पेपरातल्या छपाईच्या चुका पुन्हा जोरात शोधू लागले आहेत. मी हा लेख लिहिणार असल्याचं सांगितलं. ते आत गेले आणि जुन्या नोंदवहीतून चार घड्यांचा एक कागद घेऊन आले. "हे घेऊन जाय," म्हणाले. "तू नोकरीत हायेस. माह्या मागं कोनाच्या हाती लागाले नको." वीस वर्षं त्यांनी तो कागद माझ्याविरुद्ध नाही, माझ्यासाठी सांभाळला होता. मी म्हटलं, सर, मी सगळं खरं लिहिणार आहे. ते म्हणाले, "लिहू नको. मले एकटं बसाची सवय झाली आता." हे बोलताना त्यांनी दाराकडं पाहिलं, आणि तेवढ्यावरून मला कळलं की ही सवय त्यांना कधीच झालेली नाही. निघताना त्यांनी विचारलं, "त्या चार पुड्यांचं कधी काही समजलं काय?" मी नाही म्हटलं. 

सरांचं न ऐकण्याची माझी ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी त्यांनी 'थांब' म्हटलं होतं आणि मी यादी पाठवली. या वेळी तोच कागद मी संपादकांकडे पाठवत आहे, त्याचं छायाचित्र या लेखासोबत छापावं. मसुद्यातलं ते वाक्य काढून टाकावं. चूक सरांची नव्हती. ती माझी होती. नोकरीचं माझं काय व्हायचं ते होईल.

सरांना पुष्कळ आयुष्य लाभो. त्यांचे डोळे असेच शाबूत राहोत, गुडघ्यांनी फार कुरकुर करू नये, आणि येणाऱ्या वर्षांत त्यांच्या ओट्यावर एकापेक्षा जास्त पेले दिसोत. त्यासाठी लागेल तेवढी आर्णीची एसटी मी पकडणार आहे.

आता समितीला शेवटची विनंती. समारंभाच्या दिवशी सर व्यासपीठावरून उतरून जेवायला बसतील, तेव्हा त्यांच्या शेजारची जागा कृपया कोणी घेऊ नये. मी घरून डबा आणणार आहे, अर्धी भाकर त्यांची. मला यायला वीस वर्षं उशीर झाला आहे, पण ते स्टूल त्यांनी माझ्यासाठीच ओढून ठेवलं होतं.